मेंदूजवळच्या गाठीची शस्त्रक्रिया आणि डाव्या कानावरचा पहारा

२४ जून २०२५ रोजी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात माझ्या डाव्या कानामागून कवटी उघडून मेंदूजवळची गाठ काढण्यात आली. त्या वेळी मी पूर्ण भुलीखाली होते, माझा डावा कान मात्र दिवसभर कामाला लावलेला होता. त्याच्यात दर सेकंदाला एकवीस वेळा टिकटिक सोडली जात होती आणि त्या टिकटिकीला आतून उत्तर येते आहे का, हे एक डॉक्टर सतत पडद्यावर पाहत होत्या. अशी सोय असते हे निदानानंतर कितीतरी महिने मला कोणी सांगितले नव्हते आणि आपण विचारायला हवे हेही मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या हातात नुकताच असा एमआरआयचा अहवाल पडला आहे, त्यांच्यासाठी हे सारे तारखांसह आणि खर्चासह लिहून ठेवते आहे.

मी साताऱ्यात एका बँकेत नोकरी करते आणि माझे वय चव्वेचाळीस आहे. जून २०२४ च्या सुमारास लक्षात आले की फोन डाव्या कानाला लावला की समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द उलगडत नाहीत. आवाज वाढवला तरी फरक पडत नसे. खातेक्रमांक दोनदोनदा विचारावा लागू लागला, तेव्हा मी फोन उजव्या कानाला धरायला लागले आणि विषय तिथेच सोडून दिला. त्याच सुमारास डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. एका डॉक्टरांनी मळ काढला, दुसऱ्यांनी सर्दीमुळे कान बंद झाला असेल म्हणून गोळ्या दिल्या. त्या वर्षी १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहायला रस्त्याच्या कडेला उभी असताना ढोलताशांचा आवाज नेमका कोणत्या बाजूने येतो आहे हे मला कळेना. पथक डावीकडून येत होते आणि मी उजवीकडे पाहत होते. माझ्या मुलीने मला हाताला धरून मागे ओढले. त्या रात्री मी पहिल्यांदा खरोखर घाबरले.

२० सप्टेंबरला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतला. सर्व चाचण्या मिळून ८०० रुपये लागले. उजवा कान उत्तम होता. डाव्या कानाची सरासरी ३२ डेसिबलवर होती (हा आकडा जितका मोठा तितके कमी ऐकू येते), आणि पंचवीस शब्दांच्या यादीतले वीस शब्द मी बरोबर सांगितले, म्हणजे ८० टक्के. ही शब्दांची चाचणी आग्रहाने मराठी यादीवर करून घ्यावी. माझ्या चाचणीची सुरुवात हिंदी शब्दांनी झाली होती, मी विचारल्यावर त्यांनी मराठी यादी काढली. पुढे प्रत्येक निर्णय याच दोन आकड्यांवर अवलंबून राहिला, त्यामुळे परकी भाषा नीट न उमगल्याने एखादा शब्द चुकणे आपल्याला परवडणारे नसते. आठवडाभरात बेरा ही दुसरी चाचणी झाली (१,८०० रुपये). तिच्यात डोक्याला तारा चिकटवून आपल्याला नुसते शांत पडून राहायचे असते आणि कानात टिकटिक होत राहते. त्या टिकटिकीला आतून मिळणारे विद्युत्-उत्तर लहरींच्या रूपात नोंदले जाते. अहवालात लिहिले होते की डाव्या बाजूची पाचवी लहर उजवीपेक्षा उशिरा येते आहे. कानाच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “ताई, एका कानाची श्रवणशक्ती अशी कमी होत असेल तर एमआरआय झालाच पाहिजे. पुण्याला करून घ्या.”

२८ सप्टेंबरला पुण्यात एमआरआय झाला. शिरेतून रंगद्रव्य सोडायचे असल्यामुळे आधी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कळणारा घटक, तपासावे लागते. ही तपासणी साताऱ्याहून करूनच नेली, म्हणून एक हेलपाटा वाचला. खर्च ९,५०० रुपये. निदान व्हेस्टिब्युलर श्वानोमा असे होते, ज्याला जुन्या नावाने अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेचे दोन भाग असतात, एक ऐकण्याचा आणि एक तोल सांभाळण्याचा. तोल सांभाळणाऱ्या भागाच्या आवरणातील पेशींपासून ही गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते आणि सहसा सावकाश वाढते. मात्र ती जिथे असते तिथे हाडाच्या एका अरुंद बोगद्यात ऐकण्याची नस, तोलाची नस, चेहऱ्याची नस आणि अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी एक बारीक धमनी एकमेकींना लगटून जातात. माझी गाठ १४ मिलिमीटरची होती. अहवालातला ‘ट्यूमर’ हा शब्द वाचून माझ्या पतींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि आम्ही दोघे दहा मिनिटे काही न बोलता बसून राहिलो.

त्यानंतर तीन मार्ग समोर ठेवण्यात आले. काही न करता सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करणे हा पहिला. गॅमा नाइफ हा दुसरा, त्यात कवटी न उघडता नेमक्या जागी किरणे देऊन गाठीची वाढ थांबवतात, गाठ मात्र आतच राहते आणि ऐकू येणे पुढच्या काही वर्षांत हळूहळू कमी होऊ शकते. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. आम्ही थांबायचे ठरवले. त्या सहा महिन्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. दिवाळी झाली, मार्चअखेरची बँकेतली धावपळ झाली, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी मी दोन बोटे डाव्या कानाजवळ चोळून त्यांचा आवाज येतो का हे पाहत असे. २९ मार्च २०२५ ला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुसरा एमआरआय झाला. गाठ १७ मिलिमीटर झाली होती. डावा कान ३८ डेसिबलवर आला होता आणि पंचवीसपैकी अठरा शब्द कळत होते, म्हणजे ७२ टक्के. मध्यंतरी दोनदा चालताना तोल जाऊन मी भिंतीचा आधार घेतला होता.

दुसरे मत घेण्यासाठी मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी गॅमा नाइफही तितकाच योग्य पर्याय आहे असे स्पष्ट सांगितले आणि घाई करू नका म्हणाले. पुण्याच्या शल्यचिकित्सकांनी सांगितले की शस्त्रक्रिया करायची असेल तर कान अजून उपयोगाचा आहे तोवर करावी. उपयोगाचा कान ओळखण्याचा ढोबळ नियम असा की सरासरी ५० डेसिबलच्या आत असावी आणि किमान ५० टक्के शब्द कळावेत. या रेषेबाहेर गेलेल्या कानासाठी बहुधा कानातूनच जाणारा मार्ग निवडतात आणि त्या मार्गात ऐकू येणे जातेच. माझ्यासाठी कानामागून, लहान मेंदूच्या बाजूने जाण्याचा मार्ग शक्य होता. वाढणारी गाठ आत ठेवून दर वर्षी तिची वाट पाहणे मला झेपणार नाही, हे मी स्वतःशी कबूल केले आणि शस्त्रक्रिया निवडली. हा निर्णय माझ्या स्वभावाचा आणि माझ्या गाठीचा होता. दुसऱ्या कोणासाठी तो चुकीचाही ठरू शकतो.

१७ मे च्या भेटीत मी वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले आणि तिथे पहिल्यांदा श्रवण-निरीक्षणाचा विषय निघाला. मी विचारले होते, “डॉक्टर, मी झोपलेली असताना माझी ऐकण्याची नस दुखावली जाते आहे हे तुम्हाला कसे कळणार?” ते म्हणाले की नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नस अखंड दिसते, तरी ती मुकी झालेली असू शकते. म्हणून तीच बेरा चाचणी पूर्ण शस्त्रक्रियेत चालू ठेवतात आणि त्याचबरोबर चेहऱ्याच्या स्नायूंमध्ये बारीक सुया लावून चेहऱ्याच्या नसेवरही लक्ष ठेवतात. मग त्यांनी एक वाक्य सांगितले, जे मी तसेच्या तसे लिहून घेतले: “यंत्र कान वाचवत नाही, ते फक्त वेळेवर हाक मारते. हाक ऐकून आम्ही थांबलो तर उपयोग.” कान वाचण्याची शक्यता माझ्या बाबतीत निम्म्याच्या आसपास आहे, असेही त्यांनी त्याच बैठकीत सांगून टाकले.

त्या दिवशी विचारलेले प्रश्न इतरांना उपयोगी पडतील म्हणून देते. निरीक्षण करणारी व्यक्ती कोण असते आणि ती पूर्ण वेळ त्याच खोलीत असते का? यंत्र रुग्णालयाचे आहे की बाहेरून येते, आणि त्या दिवशी दुसऱ्या शस्त्रक्रियेला नेले जाण्याची शक्यता आहे का? लहर नाहीशी झाली तर तुम्ही किती वेळ थांबता? गाठीचा शेवटचा भाग ऐकण्याच्या नसेला चिकटलेला असेल तर गाठ पूर्ण काढायची की नस राखायची? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी मलाच द्यायला सांगितले. दोन दिवस विचार करून मी कळवले की नस राखा, कण राहिला तरी चालेल. हे संमतिपत्रावर हाताने लिहून घेतले गेले. असा प्रश्न आपल्याला विचारला गेला नाही तर तो आपण उकरून काढावा, कारण भूल दिल्यानंतर तो विचारायला कोणी येऊ शकत नाही.

आता विम्याची बाजू. रुग्णालयाचे अंदाजपत्रक ५ लाख २० हजारांचे होते आणि त्यात न्यूरोमॉनिटरिंग, म्हणजे नसांवरचे हेच निरीक्षण, ही ३८,००० रुपयांची वेगळी ओळ होती. बँकेची सामूहिक पॉलिसी असल्याने आम्ही कॅशलेससाठी ११ जूनला अर्ज दिला. आधार, पॅन, पॉलिसीचे कार्ड, बँकेचे ओळखपत्र, दोन्ही एमआरआय, सर्व ऑडिओग्राम आणि पहिल्या तपासणीचा कागद या सर्वांच्या तीन-तीन प्रती नेल्या होत्या, आणि तिन्ही संच लागले. १३ जूनला कंपनीकडून दोन शंका आल्या. तक्रार नेमकी केव्हा सुरू झाली ही पहिली, आणि मॉनिटरिंग वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक का आहे ही दुसरी. पहिल्या शंकेचे कारण असे की एका जुन्या कागदावर कोणीतरी ‘एक-दोन वर्षांपासून कमी ऐकू येते’ असे लिहून ठेवले होते, जे मी कधीच सांगितले नव्हते. डॉक्टरांनी लिहिलेला प्रत्येक कागद तिथल्या तिथे वाचून घ्यावा, हे मी फार उशिरा शिकले. दुसऱ्या शंकेसाठी शल्यचिकित्सकांनी १६ जूनला पत्र दिले. रुग्णाची श्रवणशक्ती उपयोगाच्या पातळीवर असून ती राखणे हा शस्त्रक्रियेचा एक उद्देश आहे, असे त्यात ऑडिओग्रामच्या आकड्यांसह लिहिले होते. १७ जूनला मंजुरी आली, पण मॉनिटरिंगच्या ३८,००० पैकी एकदाच वापरायच्या सुया आणि कानातील बोळ्यांचे १४,००० रुपये वगळून. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर इतर खर्चातही त्या प्रमाणात कपात होते, म्हणून आम्ही दोन खाटांची खोली घेतली.

२३ जूनला दाखल झाले. पालख्या नुकत्याच पुण्यातून पुढे गेल्या होत्या आणि रस्ते मोकळे झाले होते. संध्याकाळी निरीक्षण करणाऱ्या डॉक्टर खोलीत आल्या. त्या न्यूरोफिजिओलॉजिस्ट, म्हणजे नसांच्या विद्युत्संदेशांच्या तज्ज्ञ, होत्या. त्यांनी आधी माझ्या दोन्ही कानांत प्रकाश टाकून पाहिले, कारण कानात थोडा जरी मळ असला तरी टिकटिक नीट आत पोचत नाही. तसे असेल तर तो आधीच्या आठवड्यात काढून घेतलेला बरा. मग त्यांनी पलंगाच्या कडेला बसून कागदावर पाच टेकड्या काढल्या. मला जे समजले ते असे. कानात आवाज गेला की ऐकण्याच्या नसेतून निघालेला विद्युत्संदेश मेंदूच्या देठातून एकेक टप्पा वर चढतो आणि प्रत्येक टप्प्यावर एक छोटी लहर उठते. पहिली लहर साधारण दीड मिलिसेकंदाने येते आणि ती नसेच्या कानाकडच्या टोकाची असते. पाचवी साडेपाच-सहा मिलिसेकंदांच्या आसपास येते आणि ती मेंदूच्या देठातील वरच्या टप्प्याची असते. गाठ या दोहोंच्या मधल्या वाटेवर बसलेली असते. पहिली लहर आहे आणि पाचवी गेली, तर कान जिवंत आहे पण वाट अडली आहे. पहिलीच गेली, तर कानाचा रक्तपुरवठा तुटला असण्याची भीती असते.

मी विचारले की मग लहर गेली की लगेच कळते का. त्या म्हणाल्या, “लगेच नाही ताई, हीच आमची अडचण आहे.” ही लहर एका मायक्रोव्होल्टच्या निम्म्याहूनही लहान असू शकते आणि मेंदूची नेहमीची विद्युत्हालचाल तिच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून हजारभर टिकटिकींची उत्तरे एकत्र करून सरासरी काढावी लागते, तेव्हा इतर गलबला एकमेकांत विरून जातो आणि लहर वर दिसते. सेकंदाला एकवीस टिकटिकी धरल्या तरी हजार उत्तरांना पाऊण मिनिटाहून अधिक वेळ जातो. म्हणजे शल्यचिकित्सकांना मिळणारी बातमी जवळजवळ मिनिटभर जुनी असते. म्हणूनच गाठीचा काही भाग काढून नस दिसू लागली की तिच्यावर थेट एक बारीक तार टेकवतात. तिथला संदेश बराच मोठा असल्याने काही सेकंदांत उत्तर मिळते. टिकटिकीचा वेग नेमका वीस न ठेवता एकवीसच्या थोडा वर का ठेवतात, हेही त्यांनी सांगितले: आपली वीज पन्नास हर्ट्झची असते आणि तिच्याशी सहज जुळणारा वेग घेतला तर विजेचा गुणगुणाट सरासरीत विरून जात नाही. हे ऐकताना माझी भीती थोडी कमी झाली. माझ्या कानाची इतक्या बारकाईने काळजी घेणारे कोणीतरी आहे, याने मला धीर आला.

त्या रात्री मुलीचा फोन आला. तिने मुद्दाम “आई, डाव्या कानाला लाव” असे सांगितले आणि हळू आवाजात एक वाक्य म्हटले. मला त्यातले निम्मे शब्द कळले. ते निम्मे शब्द मी फार जपून ठेवले.

२४ जूनला सकाळी साडेसातला आत नेले. तिथपर्यंतचेच मला आठवते. पुढचे मी शल्यचिकित्सकांच्या बोलण्यावरून आणि नंतर मिळवलेल्या निरीक्षण-अहवालावरून लिहिते आहे. हा अहवाल डिस्चार्जच्या कागदांत नसतो. त्यासाठी रुग्णालयाच्या नोंदी विभागात अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि ३०० रुपये द्यावे लागले आणि पाच दिवसांनी चार पानांची प्रत मिळाली.

भूल दिल्यावर दोन्ही कानांत स्पंजचे बोळे घालून ते पारदर्शक पट्टीने बंद करतात, म्हणजे धुण्याचे पाणी किंवा रक्त आत जात नाही. टिकटिक डाव्या कानात असते आणि उजव्या कानात सरसर असा आवाज सोडतात, नाहीतर डावीकडची टिकटिक हाडावाटे उजव्या कानालाच ऐकू जाईल आणि उत्तर फसवे येईल. भुलीचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही, मात्र चेहऱ्याच्या नसेची तपासणी व्हावी म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध सुरुवातीला श्वासाची नळी घालण्यापुरतेच देतात. सकाळी ९.१० ला पहिली नोंद झाली: पाचवी लहर ६.२ मिलिसेकंदांवर. कुशीवर वळवून डोके चौकटीत घट्ट बसवल्यानंतर पुन्हा नोंद झाली आणि ती तशीच होती. हा आकडा पायाभूत धरला गेला. यापुढे लहर एक मिलिसेकंदाने मागे पडली किंवा तिची उंची निम्म्यावर आली तर मोठ्याने सांगायचे, आणि त्याच्या निम्मी ढळली तरी कानावर घालायचे, असे त्यांचे ठरलेले होते.

१०.५२ ची नोंद अशी आहे: लहान मेंदू बाजूला सारताच पाचवी लहर ६.९ वर गेली आणि उंची निम्म्याजवळ आली. गाठीला अजून हातही लागलेला नव्हता. लहान मेंदू ओढला की त्याच्याबरोबर नसही ताणली जाते. शल्यचिकित्सकांनी ओढणारी पट्टी सैल केली, मेंदूभोवतीचे पाणी आणखी थोडे निघून जाऊ दिले आणि सहा मिनिटे थांबले. लहर ६.४ वर परत आली. या एका ओळीपाशी मी अहवाल वाचताना बराच वेळ थांबले. यंत्र नसते तर ती पट्टी तशीच राहिली असती, असे शल्यचिकित्सकांनी स्वतःहून सांगितले.

त्यानंतर कानाकडच्या बोगद्याचे हाड घासताना जवळजवळ काहीच नोंद नाही. घासण्याच्या यंत्राचा आवाज कवटीतून थेट कानात शिरतो आणि टिकटिक त्यात बुडून जाते, म्हणून थोडे घासायचे, थांबायचे, मोजायचे असा क्रम पाऊण तास चालला. धुण्याचे पाणी कोमट ठेवावे लागते, कारण थंड पाण्यानेही लहर मागे पडते.

१.१२ ला पाचवी लहर दिसेनाशी झाली. गाठ ऐकण्याच्या नसेवरून सोडवण्याचे काम चालू होते. पहिली लहर होती, नसेवरच्या तारेतून मात्र संदेश अगदी क्षीण येत होता. अहवालात इंग्रजीत एक छोटे वाक्य आहे, ‘शल्यचिकित्सकांना कळवले, काम थांबवले’. धमनी आकसली असेल म्हणून तिला सैल करणाऱ्या पॅपाव्हरिन औषधात भिजवलेला कापूस नसेवर ठेवण्यात आला, भूलतज्ज्ञांनी रक्तदाब थोडा वाढवला आणि सगळे थांबून राहिले. १.२१ ला पाचवी लहर पुन्हा दिसू लागली, पण ७.१ वर आणि ठेंगणी. ती नऊ मिनिटे मी झोपेत होते, तरी हा कागद हातात आला तेव्हा माझे हात थरथरले. पुढे काम अधिक सावकाश झाले आणि नेहमी मेंदूच्या बाजूकडून कानाच्या दिशेने, कारण उलट दिशेने ओढले तर नसेची कानाकडची नाजूक टोके तुटू शकतात. दोन मिलिमीटरचा एक पापुद्रा नसेला घट्ट चिकटला होता. तो सोडवायला गेल्यावर लहर पुन्हा खाली जाऊ लागली, तेव्हा माझ्या संमतिपत्रावरील ओळीप्रमाणे तो तिथेच ठेवण्यात आला. शेवटची नोंद २.५५ ची आहे: पाचवी लहर ६.९ वर आणि उंची सुरुवातीच्या चाळीस टक्के. चेहऱ्याच्या नसेने ०.०५ मिलिअँपिअरच्या सौम्य प्रवाहालाही उत्तर दिले होते.

शुद्धीवर आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डाव्या कानाजवळ दोन बोटे चोळली. काहीही ऐकू आले नाही. अतिदक्षता विभागातील त्या रात्री मला वाटले की सगळे गेले आणि मला कोणी सांगत नाही. हे आधीच सांगून ठेवायला हवे असे मला फार वाटते: कानावर जाड पट्टी असते, कानामागच्या हाडाच्या पोकळ्यांत आणि मध्यकर्णात पाणी साचलेले असते आणि नस मार खाल्लेली असते. पहिल्या दिवसांतल्या शांततेवरून काहीही ठरत नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क माझ्या कपाळावर आणि कानामागे धरून तपासले आणि डावीकडे काहीतरी पोचते आहे एवढेच सांगितले.

चक्कर भयंकर होती. तोलाची नस गाठीबरोबर कापली जाते, त्यामुळे दोन-तीन दिवस खोली फिरत राहते आणि मग उजवी बाजू हळूहळू काम उचलते. चौथ्या दिवशी डावा डोळा पूर्ण मिटेना. चेहऱ्याची नस नंतर सुजल्याने असे होते, असे सांगण्यात आले. दिवसा थेंब आणि रात्री मलम घालून पापणी पट्टीने बंद करणे चालू केले. शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, नाक शिंकरायचे नाही, शौचाला जोर द्यायचा नाही आणि नाकातून किंवा घशात खारट पाणी आले तर लगेच कळवायचे, या सूचना मेंदूभोवतीचे पाणी झिरपू नये म्हणून असतात. घरच्यांनी त्या लिहून घ्याव्यात, कारण रुग्णाच्या डोक्यात काही राहत नाही.

३० जूनला घरी सोडले. एकूण बिल ५ लाख ४६ हजार, त्यातले ४१,००० आमचे. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. आम्हाला साडेसात तास लागले, आणि ते तास चक्कर येणाऱ्या माणसाने खुर्चीत बसून काढण्यासारखे नव्हते. खाट रिकामी करून देण्याआधी मंजुरी आली आहे का हे विचारावे. ४ जुलैला टाके निघाले. दोन दिवसांनी आषाढी एकादशी होती. टीव्हीवर वारीचे दृश्य चालू होते आणि मी उजवा कान उशीत दाबून कुशीवर पडले होते, तेव्हा टाळांचा फार दुरून आल्यासारखा आवाज डाव्या कानात आला. मी तोच कान उघडा ठेवून भजन संपेपर्यंत हलले नाही. आई देवघरातून बाहेर आली तेव्हा मी रडत होते आणि तिला वाटले की डोके दुखते आहे.

तोलाचे व्यायाम साताऱ्यातच सुरू केले, एका बैठकीचे ५०० रुपये. अंगठ्यावर नजर रोखून मान हलवणे, अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या कडेने चालणे, असे हे व्यायाम दिसायला साधे आहेत, पण पहिल्या आठवड्यात त्यांनी मळमळते म्हणून मी दोन दिवस टाळले आणि ते दोन दिवस वाया गेले. ८ ऑगस्टच्या ऑडिओग्राममध्ये डावा कान ५४ डेसिबलवर होता आणि पंचवीसपैकी चौदा शब्द कळले. मी खट्टू झाले होते, डॉक्टर मात्र समाधानी दिसले. चेहरा ऑक्टोबरपर्यंत पूर्ववत झाला. सप्टेंबरमध्ये तंदुरुस्तीचा दाखला देऊन मी कामावर रुजू झाले आणि काउंटरवर माझी खुर्ची अशी लावून घेतली की ग्राहक उजव्या बाजूला येतील. त्यासाठी व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा लागला आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला.

२६ डिसेंबरला पुन्हा तपासणी झाली. डावा कान ४९ डेसिबल, पंधरा शब्द, म्हणजे ६० टक्के. उपयोगाच्या कानाची जी रेषा मला मे महिन्यात सांगितली होती, तिच्या मी जेमतेम आत आहे. एमआरआयमध्ये तो पापुद्रा तेवढाच दिसतो. शिट्टीचा आवाज गेलेला नाही, रात्री जास्त जाणवतो, म्हणून पंखा चालू ठेवून झोपते. गर्दीत अजूनही आवाजाची दिशा चुकते, घरात मात्र मुलगी स्वयंपाकघराच्या डाव्या दारातून हाक मारते तेव्हा मी आता बरोबर तिकडे वळते. निरीक्षणाच्या त्या चार पानांची प्रत मी सर्व ऑडिओग्रामबरोबर एकाच फाइलमध्ये लावली आहे. पुढचा एमआरआय डिसेंबर २०२६ मध्ये आहे.